चोवीस तासांचे स्टेटस आणि शंभर वर्षांचा 'मूकनायक'

गेल्या रविवारी जयसिंगपुरात आमच्या अभ्यासवर्गाला नेहमीपेक्षा जास्त मुले-मुली आल्या होत्या. एरवी 'राज्यघटनेची उद्देशिका' किंवा 'जातिअंताचा प्रश्न' असा विषय फळ्यावर लिहिला की आठ-दहा जण येतात आणि त्यातले दोघे दाराजवळ बसून मोबाईल बघतात. या वेळी आम्ही विषयच 'मोबाईल, माध्यमे आणि आपण' असा ठेवला होता, त्यामुळे सतरंजी कमी पडली. त्रिसरण-पंचशील झाल्यावर आम्ही आधी बोलायचे नाही, मुलांनी बोलायचे, असे ठरले होते. कुणी उठेना. शेवटी बी. ए. दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी उठली आणि वहीतली दोन पाने वाचून दाखवली. तिच्या परवानगीने त्यातले मुद्दे इथे मांडत आहोत. तिचे नाव देत नाही.

तिने तीन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली: "आमच्या वस्तीतली बातमी पेपरात येत नाही, चॅनेलवर तर नाहीच. मग आम्ही ती स्टेटसला लावतो. पण माझं स्टेटस बघणारे दीडशे लोक आपलेच. त्यांना ते आधीच माहीत असतं." दुसरी: "इन्स्टावर मी आडनाव लावलेलं नाही. विसरून नाही, ठरवून. चौदा एप्रिलला मात्र डीपी निळा करते. मग मी लपतेय की दाखवतेय?" आणि तिसरी: "वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी फ्रीशिपचा फॉर्म भरायची शेवटची तारीख टाकली. त्याखाली एकाने 'सरकारी जावयांची सोय' असं लिहिलं. सात-आठ जणांनी हसायचे इमोजी टाकले. ॲडमिनने दहा मिनिटांत मेसेज डिलीट केला आणि म्हणाला, विषय संपला. मीपण काही बोलले नाही. दादा, विषय खरंच संपला का?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर 'नाही' हे तर आहेच. पण नुसते 'नाही' म्हणून भागत नाही, विषय संपू द्यायचा नसेल तर काय करायचे हेही सांगावे लागते.

आधी पहिला मुद्दा घेऊ. आपली बातमी येत नाही ही तक्रार या मुलीची नाही, तिच्या पणजोबांची आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले ते याच कारणासाठी. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. म्हणजे आमची बातमी तर सोडाच, आमचे पैसेही त्या छापखान्याला विटाळ वाटले! त्या वेळी अडीच हजार रुपये देऊन पाठीशी उभे राहिले ते आमच्या कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. आणि 'मूकनायक'ला दोन महिने होतात न होतात तोच, २१ आणि २२ मार्च १९२० ला, इथून जवळच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे असे लोकांना सांगून गेले. आज माणगावला फोटो काढायला जाणाऱ्या तरुणांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्या परिषदेआधी एक पाक्षिक उभे राहिले होते. आधी वाचा फुटली, मग सभा भरली.

शंभर वर्षांनी काय बदलले? १९९६ साली दिल्लीतले पत्रकार बी. एन. उनियाल यांना एका परदेशी वार्ताहराने एखाद्या दलित पत्रकाराशी बोलायचे आहे असे सांगितले. उनियाल शोधत राहिले, त्यांना एकही सापडला नाही आणि त्यावर त्यांनी लेख लिहिला. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी हिंदी-इंग्रजी माध्यमांची पाहणी केली. संपादक आणि त्या दर्जाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातीतला एकही नव्हता. एकही! जिथे बातमी कोणती आणि गप्प कुठे बसायचे हे ठरते, त्या खोलीत आपण नाही. मग वस्तीतल्या पाण्याचा प्रश्न 'स्थानिक' होतो, अत्याचार 'दोन गटांतला वाद' होतो आणि जयंतीची मिरवणूक 'वाहतूक कोंडी' होते.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना गावाने ठार मारले. सुरुवातीला काही ठिकाणी ती अनैतिक संबंधातून घडलेली घटना म्हणून छापली गेली. महिनाभर महाराष्ट्र थंड होता. सत्य बाहेर काढले ते कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांनी, हातोहात फिरलेल्या छायाचित्रांनी, ई-मेल, ब्लॉग आणि एसएमएसने. तेव्हा ना स्मार्टफोन होते ना स्टेटस. नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा प्रस्थापित माध्यमांना नाइलाजाने खैरलांजीला जावे लागले.

पण त्या लढ्याचा पुढचा भाग आम्ही तरुणांना सांगत नाही. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा सिद्ध झाला असे मानले नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांचा कारावास दिला. अख्ख्या महाराष्ट्राला दिसलेली जात न्यायालयाच्या कागदावर मात्र उमटली नाही. आमचा संताप खरा होता. पण संताप म्हणजे पुरावा नव्हे. हे वाक्य लेख संपेपर्यंत लक्षात ठेवा.

आता दुसरा मुद्दा, आडनावाचा. मुलीने आडनाव लपवले म्हणून अभ्यासवर्गात एकाने तिला लगेच सुनावले, "बाबासाहेबांच्या लेकीने लपायचं कशाला?" आम्ही त्याला थांबवले. स्वाभिमान शिकवणे सोपे असते, त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास काय सांगतो? त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात तर एक आडनाव सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे भाड्याने खोली शोधणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ती मुलगी लपत नाही, ती या समाजाला ओळखून आहे.

आणि दाखवण्याची किंमत? मे २०१५ मध्ये शिर्डीत लग्नाला आलेल्या सागर शेजवळ या नर्सिंग शिकणाऱ्या तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली. तेवढ्यावरून त्याला पळवून नेऊन मारले. रिंगटोन म्हणजे काय? फोन खिशात असताना वाजणारी ओळखच ती. मे २०१९ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या विद्यार्थिनीने जीव दिला. वरिष्ठ विद्यार्थिनी जातीवरून छळत होत्या, व्हॉट्सॲप ग्रुपवरही टोमणे मारत होत्या, असा आरोप कुटुंबीयांनी केला. डॉक्टर झाले की जात सुटते म्हणणाऱ्यांनी तो ग्रुप डोळ्यांसमोर आणावा. जात आता उंबरठ्यावर थांबत नाही, ती हॉस्टेलच्या खोलीत रात्री दोन वाजताही नोटिफिकेशन होऊन येते.

त्यामुळे आमची भूमिका साधी आहे. आडनाव लावायचे की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. तो घेणाऱ्याला भित्रा म्हणू नका आणि न घेणाऱ्याला जातीयवादी म्हणू नका. पण एक फरक ओळखा. ओळख दाखवणे वेगळे आणि ओळख घडवणे वेगळे. निळा डीपी ही दाखवलेली ओळख झाली. बावीस प्रतिज्ञा पाळणे, धाकट्या बहिणीला शिकायला पाठवणे, घरात हुंडा घेऊ न देणे ही घडवलेली ओळख. पहिली बोटाने बदलता येते, दुसरीला आयुष्य लागते.

याच ठिकाणी आम्हाला आमच्याच पोरांना चार शब्द सुनवायचे आहेत. जयसिंगपूर हे शाहू महाराजांनी वसवलेले, वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिलेले गाव. इथल्या गल्ल्या आखीव आहेत आणि त्यांना नंबर आहेत. पत्ता सांगताना आपण पाचवी गल्ली, आठवी गल्ली असे सांगतो. जुन्या गावांसारखा जातीच्या नावाने पत्ता सांगावा लागत नाही. आणि त्याच गावात बसून आपली पोरे फोनवर पुन्हा जातीच्या गल्ल्या बांधत आहेत! प्रत्येक जातीचे रील, प्रत्येक जातीचे 'किंग', प्रत्येक जातीची गाडीवरची अक्षरे, आणि त्याला उत्तर म्हणून आमच्याही पोरांचे तसेच रील, कोयत्यासारखे हातवारे आणि खाली 'नाद करायचा नाय'. बाबासाहेबांनी जातिनिर्मूलन सांगितले. आम्ही त्यांच्याच नावाने एक जात आणखी मजबूत करत असू, तर समोरच्याला हसायला मोकळीक आम्हीच दिली.

तिसरी गोष्ट अजून अवघड आहे. जून २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याने स्टेटसची ताकद पाहिली. शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास काही मुलांनी आक्षेपार्ह स्टेटस ठेवले म्हणून ७ जूनला कोल्हापूर बंदची हाक दिली गेली. जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या आणि इंटरनेट बंद करावे लागले. शाहू महाराजांच्या नगरीत! त्याच वर्षी १० सप्टेंबरच्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव चालून गेला आणि एका निरपराध मुस्लिम तरुणाचा जीव गेला. कुणी काय टाकले, कुणाच्या खात्यावरून टाकले, ते खरे की बनावट, हे शोधायला पोलिसांना दिवस लागतात. जमावाला तासही लागत नाही.

अशा वेळी आमच्या वस्तीतली पोरे कुठे असतात? काही घरी असतात, काही बघ्यांत असतात, आणि खरे बोलायचे तर काही जमावातही असतात. त्यांना पुढे करणारे मागे राहतात. गुन्हे दाखल होतात तेव्हा ज्यांच्या घरी वकील नाही अशांची नावे एफआयआरमध्ये राहतात आणि पुढे पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तेच नाव आडवे येते. पूर्वी भारतीय दंड संहितेत १५३-अ आणि २९५-अ होती, ती आता न्याय संहितेत १९६ आणि २९९ झाली आहेत. आकडे बदलले तरी त्यांत अडकणारे हात बहुतेक वेळा आमचेच असतात. दुसऱ्याच्या स्टेटसवरून पेटणाऱ्या जमावात जाणारा भीमसैनिक नसतो, तो भाड्याचा सैनिक असतो. आणि आज त्या जमावाकडे कौतुकाने पाहिले तर उद्या शिर्डीच्या रिंगटोनबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बोलणे बंद करणे हा यावर उपाय नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला आणि दुसरीने तो लाईक केला, एवढाच गुन्हा. त्या अटकेनंतर श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. महाराष्ट्रातल्या दोन मुलींची एक पोस्ट आणि एक लाईक यातून देशाचा कायदा बदलला. म्हणून आम्ही मुलांना गप्प बसा असे कधीच सांगणार नाही. बोला, पण बोललेल्याची जबाबदारी घेता येईल असे बोला. फॉरवर्ड करण्याआधी कुठे, कधी, कुणी पाहिले हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर बोट थांबवा.

हे तीन प्रश्न आधी स्वतःच्या स्टेटसला विचारावेत. अभ्यासवर्गात आम्ही एक परीक्षा घेतली. शिक्षण आणि वाघिणीच्या दुधाचे ते सुप्रसिद्ध वाक्य किती जणांनी बाबासाहेबांच्या नावाने स्टेटसला लावले आहे? जवळजवळ सगळे हात वर झाले. आता सांगा, ते कोणत्या भाषणातले, कोणत्या खंडातले, कोणत्या पानावरचे? एकही हात वर आला नाही. आमचाही नाही. वाघिणीच्या दुधाची उपमा इंग्रजी भाषेसाठी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर फार आधीपासून सांगितली जाते. हे चिपळूणकर म्हणजे 'निबंधमाले'तून महात्मा फुल्यांची टर उडवणारे! महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढते आहे. अठराव्या खंडाचे तीन भाग तर मराठी भाषणांचेच आहेत. जे वाक्य लावायचे त्याखाली खंड आणि पान लिहायची सवय आजपासून लावा. पान सापडले नाही तर ते वाक्य लावू नका. ज्या माणसाने आयुष्यभर पुराव्याशिवाय वाक्य लिहिले नाही, त्याच्या तोंडी आपण पुराव्याशिवाय वाक्ये घालतो. याला अभिवादन म्हणत नाहीत.

कुणी म्हणेल, आता आपल्याकडे फोन आहे, यूट्यूब चॅनेल आहेत, आपण माध्यम झालो आहोत. अर्धे खरे आहे. पण फोन आपला असला तरी त्यातली जागा भाड्याची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये पत्रकार आणि लेखक दिलीप मंडल यांचे ट्विटर खाते बंद केले गेले तेव्हा बहुजन तरुणांनी मोहीम चालवली, मुंबईत कंपनीच्या कार्यालयावर आंदोलन झाले आणि खाते परत सुरू झाले. लढा जिंकला, पण त्यातून कळले काय? घरमालक मनात आणेल तेव्हा बिऱ्हाड रस्त्यावर काढू शकतो. 'मूकनायक' फार वर्षे चालला नाही. 'बहिष्कृत भारत' १९२७ ला सुरू झाला, त्याचे स्तंभच्या स्तंभ बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले आणि तोही १९२९ मध्ये बंद पडला. पैसा नव्हता, वर्गणीदार कमी होते. तरीही ते अंक आज शासनाच्या खंडात छापलेले आहेत आणि वाचता येतात, कारण ते कागदावर होते, त्यावर तारीख होती आणि खाली जबाबदार संपादकाचे नाव होते. आमचे परवाचे स्टेटस आज आम्हालाच दाखवता येत नाही. चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या शाईने चळवळीचा इतिहास लिहिता येत नाही.

आता त्या मुलीच्या तिसऱ्या मुद्द्याकडे येऊ. 'सरकारी जावई' हा मेसेज डिलीट झाला. तिने स्क्रीनशॉट काढला नव्हता. तिचे ऐकून दोन प्रकारचे सल्ले आले. एक म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीवरून तक्रार कशाला, वर्गात राहायचंय अजून दीड वर्ष." दुसरा म्हणाला, "नाव सांग, गेटवर गाठतो त्याला." दोन्ही सल्ल्यांचा शेवट एकच आहे. पहिल्यात मुलगी गप्प बसते, दुसऱ्यात आपला पोरगा आत जातो. घडलेली गोष्ट दोन्हींत पुसली जाते.

याचे उत्तर आपल्याला कराडने दिले आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका मागासवर्गीय कर्मचाऱ्याने गोपनीय अहवालातल्या प्रतिकूल शेऱ्यावरून तक्रार केली. ती लिहिली, त्यावर तारीख घातली, कागद जपले आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तेच प्रकरण पुढे सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र शासन म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. २० मार्च २०१८ च्या निकालाने ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली आणि २ एप्रिलला भारत बंद झाला. कोणत्याही मोठ्या पक्षाने ठरवलेला तो बंद नव्हता, तो फोनवरून पसरला आणि त्यात अनेकांचे जीव गेले. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घातले आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट काढली. २०१९ मध्ये न्यायालयाने आपले आधीचे निर्देश मागे घेतले, २०२० मध्ये दुरुस्तीही वैध ठरवली. फोन, रस्ता आणि कागद तिन्ही एकत्र आले तेव्हा कायदा वाचला. यातला कागद काढून टाकला तर काय उरते? खैरलांजीचा निकाल उरतो.

म्हणून वर्गात जे ठरले ते इथे देतो. प्रत्येक वस्तीतल्या, प्रत्येक महाविद्यालयातल्या तरुणांनी हे करून पाहावे.

१. जातीवरून काही लिहिलेले दिसले की आधी स्क्रीनशॉट काढा. त्यात ग्रुपचे नाव, लिहिणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मूळ मेसेज आपल्या फोनमधून पुसू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मूळ फोनही महत्त्वाचा.

२. मेसेज डिलीट झाला असला तरी तो वाचणारे असतात. ज्यांनी पाहिला त्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा. हसणाऱ्या सात-आठ जणांत एखादा तरी मनातून लाजलेला असतो. त्याच्याशी बोला, त्याला शत्रू करू नका.

३. पहिली तक्रार महाविद्यालयात लेखी द्या. महाविद्यालयात समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी अधिकारी असावा, असे यूजीसीने २०१२ सालीच नियम केले. तो अधिकारी कोण हे सूचना फलकावर आहे का, ते आधी विचारा. तोंडी बोलून येऊ नका. अर्ज द्या आणि पोच घ्या.

४. धमकी, बदनामी किंवा जातिवाचक शिवीगाळ असेल तर पोलीस ठाणे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल ही दारे आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये इंटरनेटवरचा मजकूरही लोकांसमोर केलेला अपमान ठरू शकतो असे म्हटले आहे. पण प्रत्येक ग्रुपवरचा प्रत्येक टोमणा ॲट्रॉसिटीत बसेलच असे नाही. आधी वकिलाला विचारा. कायदा हे शस्त्र आहे, ते उगाच उपसले की बोथट होते आणि बदनामही होते.

५. विहारात एक नोंदवही ठेवा. तारीख, घटना, पाहणारे, काय केले, काय उत्तर आले. महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर वाचा. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही शिरोळ तालुक्यातल्या एका गावात अशीच वही केली होती. पंचनाम्यातून सुटलेल्या घरांचे फोटो, घरात कुठपर्यंत पाणी आले त्याची खूण, कुटुंबप्रमुखाचे नाव. आधी त्याच घरांचे व्हिडिओ गावभर फिरले होते, कुणी हलले नाही. वही घेऊन गेलो तेव्हा पुन्हा पंचनामे करावे लागले.

"एवढ्याशा गोष्टीवरून एका एकोणीस वर्षांच्या पोराचे आयुष्य बरबाद करायचे का?" असा प्रश्न आम्हाला नंतर एका ओळखीच्या प्राध्यापकांनी विचारला. आमचे उत्तर असे, सर, कुणाचेही आयुष्य बरबाद करायचे नाही. त्या पोराला तुरुंगात टाका असे त्या मुलीनेही म्हटलेले नाही. त्याला वर्गात उभे करून फ्रीशिप म्हणजे काय आणि ती का आहे हे तुम्ही शिकवा, एवढेच म्हणणे आहे. कोल्हापूर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. त्यांनीच वसवलेल्या गावाच्या पंचक्रोशीत शिकणाऱ्या पोराला हे माहीत नसेल तर दोष त्या पोराइतकाच शिकवणाऱ्यांचाही आहे. पण शिकवायचे असेल तर आधी 'असे घडले' हे मान्य करावे लागते. डिलीट करून ते होत नाही.

त्या मुलीने बुधवारी अर्ज दिला. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मेसेज डिलीट व्हायच्या आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, तो तिने स्वतःहून पाठवला. ही मैत्रीण आपल्या समाजातली नाही. कार्यालयात तिला आधी "प्राचार्यांना तोंडीच सांग ना" असे सांगण्यात आले. ती अर्धा तास उभी राहिली आणि पोच घेऊनच बाहेर पडली. अजून उत्तर आलेले नाही. येईल की नाही, काय येईल, हे आम्हाला माहीत नाही. वर्गातल्या काही जणांनी तिच्याशी बोलणे बंद केले आहे, हेही तिने सांगितले. हे सोपे आहे असे आम्ही कुणाला सांगणार नाही.

रात्री तिने स्टेटस ठेवले नाही. आमच्या नोंदवहीत मात्र एक ओळ लिहिली. तारीख, आवक क्रमांक आणि खाली सही. सही पूर्ण नावाने केली आहे, आडनावासकट.

मित्रांनो, तुमच्याही फोनमध्ये असा एखादा डिलीट झालेला विषय असेल. तो संपलेला नाही. आज रात्री वही काढा आणि लिहा.

जय भीम!